स्केचबुकातून कल्पना कशी काढायची : कोऱ्या वहीपासून पहिल्या मोठ्या चित्रापर्यंत

"काय काढू तेच सुचत नाही," असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात एक महागडी वही पडून असते. पहिल्या पानावर मोबाइलवर बघून काढलेलं नेटकं चित्र, दुसऱ्यावर अर्धवट चेहरा, तिसरं पान फाडलेलं, पुढे सगळं कोरं. गोव्यात एक पावसाळा गेला की त्या कोऱ्या पानांवर तांबूस ठिपके येतात आणि वही कायमची बाद होते.

हात कच्चा आहे म्हणून असं होत नाही. गडबड क्रमात होते. आधी कल्पना सुचू दे, मग वही उघडू, असं ठरवलं की वही मिटलेलीच राहते. चालणारा क्रम असा: आधी जागा, मग एक बारीक प्रश्न, मग पुष्कळ छोटी कच्ची चित्रं, मग भरलेल्या वहीचं वाचन. कल्पना या वाचनातून निघते. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. आठवड्याला चार बैठका, दर बैठक अर्ध्या तासाची, असे सहा आठवडे धरा. २४ बैठकांत साधारण ६० पानांची वही भरत येते. एकही टप्पा गाळू नका. आठवा तर मुळीच नको, कारण लोक नेमका तोच गाळतात.

## टप्पा १ : सामान, आणि दमट हवेचा हिशोब

वही ए-५ आकाराची घ्या, म्हणजे सुमारे १५ बाय २१ सेंटिमीटर. याहून मोठी वही बाजारात उघडायला संकोच वाटतो आणि स्कूटरच्या डिकीत तिचे कोपरे मोडतात. याहून लहान वहीत मनगट फिरत नाही.

कागद १३० ते १६० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) असावा. ७०-८० जीएसएमच्या पानावर शाई मागे उमटते आणि जुलैत ते पान ओल्या पापडासारखं मऊ पडतं. मऊ पडलेल्या कागदात पेन्सिल रुतते, काळेपणा चढत नाही आणि बारीक निबाची शाई तंतूंवरून फुटते. उलट २०० जीएसएमच्या वरचा कागद फक्त नेमाने जलरंग लावणाऱ्यांनी घ्यावा. जाड कागदाच्या वहीत पानं कमी असतात, आणि पानं कमी असली की माणूस एकेक पान जपून वापरू लागतो. जपून वापरलेल्या वहीतून काही हाती लागत नाही.

बांधणी शिवलेली आणि सपाट उघडणारी बघा. स्प्रिंगच्या वहीची पानं एकमेकांवर घासून पेन्सिल फासते, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याने तारही गंजते.

पेन्सिली दोनच: एचबी आणि ४बी. अप्सरा, नटराज, कॅम्लिन, कुठलीही चालेल. ६बीचा मोह टाळा, घामेजल्या तळव्याखाली तिचं पान तासाभरात करडं होतं. एक जलरोधक शाईचं ०.३ किंवा ०.५ चं पेन घ्या. ते नसेल तर साधं बॉलपेन घ्या. हाताचा जोर कमी-जास्त करून त्यातून फिकट-गडद छटा निघतात. जेल पेन नको, त्याची शाई लवकर वाळत नाही.

बाकी सामान: वाऱ्यात पानं धरायला दोन क्लिपा, हाताखाली ठेवायला रद्दी कागदाचा तुकडा, रुमाल, घडीचं स्टूल, झिपची पिशवी. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला मधोमध ५ बाय ७ सेंटिमीटरची खिडकी कापून ठेवा. वहीच्या पानाचं प्रमाण जवळपास हेच आहे. ही खिडकी पुढे रोज लागणार आहे.

खोडरबर घरी ठेवा, पूर्ण सहा आठवडे. रबर हातात असला की पहिली रेघ उमटताच ती दुरुस्त करण्यात माणूस गुंततो आणि समोर बघायचं राहून जातं. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढा. चुकलेली रेघ ही एक खूण असते: तिच्यापासून किती सरकायचं, हे तिच्यामुळेच कळतं.

तपासा : वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पेनाची एक रेघ ओढा, पाच मिनिटं थांबा, मग ओलं बोट फिरवा. जे पेन पसरलं ते बाहेर न्यायचं नाही.

## टप्पा २ : पहिली पानं खराब करून टाका

नव्या वहीची भीती पहिल्या पानात असते. तेवढं पान कोरं सोडा. बाकी सगळ्या पानांना कोपऱ्यात आकडे घाला. आठव्या टप्प्यात ते लागतील, आणि आकडे घातलेलं पान फाडायला हात धजत नाही.

मग एका संध्याकाळी वीस मिनिटांत तीन पानं भरा. एकावर तिरप्या रेघांचे पाच पट्टे, फिकटापासून गडदापर्यंत. दुसऱ्यावर आपलाच डावा हात, कागदाकडे अजिबात न बघता, नजर बोटांच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवत. तिसऱ्यावर स्वयंपाकघरातल्या सहा वस्तू, प्रत्येकी एका मिनिटात. हातापेक्षा बोटं लांब होतील, खोबरं किसायची खवणी वाकडी येईल. येऊ दे.

सावधान : ही पानं कुणाला दाखवू नका, फोटो काढून पाठवू नका. "छान आहे" ऐकलं की पुढचं पान छान करायचा दबाव येतो, आणि तिथेच वही अडते.

## टप्पा ३ : जागा एकच, आणि जवळची

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी तांबडी सुर्ल्याचं देऊळ गाठतात. लांबचा प्रवास, कोरीवकामाने भरलेला दगड, डोक्यावर आलेलं ऊन, आणि दोन अर्धवट पानं घेऊन परत. देखण्या जागेची आणखी एक अडचण असते. तिचे इतके फोटो आपण पाहिलेले असतात की समोर देऊळ असूनही हात त्या फोटोतलं देऊळ काढतो.

तुम्हाला चोवीस वेळा जाता येईल अशी जागा हवी. घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. बसायला सावली, पाठीला भिंत. पाठीला भिंत असली की मागे उभं राहून कुणी वहीत डोकावत नाही, आणि सुरुवातीला हे फार महत्त्वाचं असतं. समोर एक गोष्ट स्थिर, एक हलती. तुमच्या बसण्याने कुणाची वाट किंवा धंदा अडता कामा नये.

रायबंदरचा फेरीबोटीचा धक्का, पणजीच्या मळा भागातून मारुतीच्या देवळाकडे चढणाऱ्या पायऱ्या, म्हार्दोळच्या बाजूची तळी, गावाबाहेरचा खाजनाचा (खाडीकाठच्या खाऱ्या शेतीचा) बांध आणि त्यावरचा मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार, मडगावच्या बाजारातलं एक वळण. यातलं काहीच जवळ नसेल तर घराचा बाल्कांव (दारापुढची बसायची ओटी) किंवा तुळशीवृंदावनाचं अंगण घ्या. अंगणाला कमी समजू नका. चोवीस बैठका पुऱ्या होण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मुख्य जागा म्हणून घेऊ नका. गर्दी मोठी, दिवस आठवड्यातून एकच, आणि त्या वेगाला हात अजून तयार नसतो. तो सातव्या टप्प्यासाठी ठेवा.

जागा ठरली की तिचं वेळापत्रक लिहून काढा. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे किनाऱ्यावर संध्याकाळी होड्या आणि माणसं उजेडाच्या आड येतात, फक्त काळ्या आकृती दिसतात. तपशील हवा असेल तर सकाळी जा, तेव्हा उजेड माडांच्या मागून समुद्राकडे पडतो. अकरा ते तीन बसू नका. मेच्या सुरुवातीला तर दुपारी सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर असतो, झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते आणि आकारांना उठाव राहत नाही.

नदीकाठी किंवा खाडीकाठी बसणार असाल तर पाण्याची वेळही बघा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी आठला भरती असली तर पुढच्या आठवड्यात आठला जवळपास ओहोटी असते. धक्क्याचा उतार आज पाण्याखाली, आठवड्याने उघडा आणि शेवाळाने हिरवागार. ज्यांना हे ठाऊक नसतं ते अर्धवट चित्र पुरं करायला आठवडाभराने जातात आणि समोर वेगळंच दृश्य बघून गोंधळतात.

सावधान : नौदलाच्या हद्दीत किंवा बंदराच्या बंद भागात वही काढू नका. देवळात आरतीच्या आणि चर्चमध्ये मिसाच्या वेळी चित्र काढू नये. एरवीही तिथल्या माणसाला आधी विचारावं.

## टप्पा ४ : आठवड्याला एक प्रश्न

"इथे सुंदर काय आहे?" या प्रश्नाने वही बंद पडते, कारण त्याचं उत्तर एका दिवसात संपतं. प्रश्न इतका साधा हवा की त्याचं उत्तर बोटाने दाखवता यावं:

- भिंतीवर ओल कुठपर्यंत चढली आहे?
- माणसं कशाला टेकून उभी राहतात?
- काय काय टांगलेलं आहे?
- कुठली वस्तू भलत्याच कामाला लावली आहे?
- सावली कुठे मोडते?
- झिजलेली जागा कुठली?

एक प्रश्न एक आठवडा, म्हणजे चार बैठका. तो पानाच्या माथ्यावर लिहा. तिसऱ्या बैठकीला "आता काही उरलं नाही" असं हमखास वाटतं. त्याच दिवशी प्रश्न बदलणारे लोक वरवरचीच पानं गोळा करतात. पहिल्या दोन बैठकांत सगळ्यांना दिसतं तेच आपल्याला दिसतं: टांगलेल्या वस्तू म्हणजे कपडे, कंदील, कुंड्या. चौथ्या बैठकीला गंजलेल्या खिळ्याला अडकवलेली एकुलती एक पिशवी दिसते, आणि तिच्या पट्ट्याने भिंतीवर घासून उमटवलेली अर्धगोल खूण दिसते. वहीला हवी असते ती ही खूण.

## टप्पा ५ : अर्ध्या तासाचा क्रम

पहिली पाच मिनिटं वही मिटलेली. फक्त बघा. शेवटी कानावर आलेले किंवा नाकाला जाणवलेले तीन शब्द लिहा: डिझेल, कावळा, ओला दोर. हे शब्द पुढे उपयोगी पडतात.

पुढची सहा मिनिटं चार चौकटी. ४ बाय ५.५ सेंटिमीटरच्या चार चौकटी आखा, प्रत्येकीला दीड मिनिट. पुठ्ठ्याची खिडकी डोळ्यासमोर धरून जवळ-दूर करा आणि दर वेळी वेगळी चौकट पकडा. डोळे अर्धे मिटून बघा, म्हणजे बारकावे विरतात आणि काळोख-उजेडाचे मोठे तुकडेच उरतात. तेवढेच भरा. छटा तीनच ठेवा: कोरा कागद, मधली, गडद. तीन छटा कमी वाटत असतील तर गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावीकाम आठवा. तांबड्या मातीचा थर खरवडून आतला पांढरा चुना उघडा करायचा, बस. दोन रंगांत देव, वेली, हत्ती सगळं मावतं.

मग दोन मिनिटं निवड. चारांतली एक चौकट घ्या. मोठ्या पानावर सर्वांत आधी तुमच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ घाला. बसल्यावर ही रेघ खाली येते. उभं राहून खिडकी धरली आणि बसून चित्र काढलं, तर छपरं आणि पायऱ्या चुकतात. ही चूक इतकी सर्रास होते की बसल्यावरच खिडकी धरायची सवय लावून घ्या.

बारा मिनिटं पान. क्रम बदलू नका: सर्वांत मोठा आकार, मग सावल्यांच्या कडा, मग बाकीच्या कडा, शेवटी बारकावा, आणि तोही एकाच जागी. सावली इतक्या लवकर का? सूर्य तासाला १५ अंश सरकतो. अर्ध्या तासात सावली हलल्याचं स्पष्ट दिसतं. शेवटी सावली घालणाऱ्याच्या चित्रात घराची सावली एका वेळची आणि झाडाची दुसऱ्या वेळची येते. पहिल्या दोन मिनिटांत कडा आखून टाका आणि नंतर सावली कुठेही गेली तरी तिच्या मागे जाऊ नका.

मोजमापासाठी कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल हातभर अंतरावर. दाराची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने धरा आणि ती भिंतीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर जरा वाकलं तरी मोजमाप खोटं होतं.

शेवटची पाच मिनिटं शब्द. तारीख, वेळ, उजेड कुठून, पाणी कुठवर, रंगांची नावं. "हिरवा" लिहू नका. "शेवाळाचा, खाली काळपट" असं लिहा. आणि एक वाक्य: आज काय काढायचं राहिलं.

सावधान : पानावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात कागद इतका चकाकतो की छटांचा अंदाज चुकतो, आणि घरी आल्यावर चित्र हवं त्याहून काळं दिसतं.

## टप्पा ६ : डोक्यातला माड आणि समोरचा माड

दुसऱ्या आठवड्यात तीन बैठका माडाला द्या. न बघता काढलेला माड सगळ्यांचा सारखाच असतो: एक वाकडी काठी आणि वर छत्री. आता समोरचा बघा. बुंधा जमिनीशी फुगलेला. बाक बहुधा खालच्या भागात, वर जाता जाता खोड सरळ होत जातं. खोडावर गळलेल्या झावळ्यांच्या कड्या, खाली विरळ आणि वर दाट. रेंदेर (माडी काढणारा) चढत असेल तर पाय ठेवायला कापलेल्या खाचा. शेंड्याला कोवळी झावळी भाल्यासारखी उभी, मधल्या आडव्या, जुन्या खाली लोंबत खोडाला टेकलेल्या. वाऱ्याच्या बाजूच्या झावळ्यांची पाती एकाच दिशेला विंचरल्यासारखी. नारळाचा घड छत्रीच्या टोकाला नसतो. झावळीच्या बगलेत, खोडाला चिकटून असतो.

हे सगळं एका पानात उतरवू नका. एक दिवस फक्त बुंधा आणि जमीन जिथे भेटतात ती जागा. एक दिवस फक्त शेंडा. एक दिवस दोन माडांमधलं आभाळ, म्हणजे झावळ्या न काढता त्यांच्यामधली मोकळी जागा. हा शेवटचा प्रकार चवथीच्या दिवसांत माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या फळांच्या छतावर, करून बघा. नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंजन, चिबूड, रानफळं असं सगळं दाटीने लटकत असतं. एकेक फळ काढायला गेलात तर गुंता होतो. फळांच्या मधल्या फटी काढल्या की फळं आपोआप जागेवर येतात.

असाच घोळ आणखी दोन ठिकाणी होतो. कौलारू छपराचं प्रत्येक कौल काढू नका. पागोळीची शेवटची ओळ नीट काढा, मधे दोन-तीन ठिकाणी कौलांच्या कडा सुचवा, बाकी कागद मोकळा सोडा. डोळा उरलेलं छप्पर भरून घेतो. दुसरा घोळ दीपस्तंभाचा. मंगेशीचा सात मजली दीपमाळेचा मनोरा लोक सपाट पट्ट्यांच्या उतरंडीसारखा काढतात. डोळ्यांच्या उंचीच्या वरच्या प्रत्येक मजल्याची समोरची कड मधे वर उचललेली दिसते, आणि जितका मजला उंच तितका हा बाक जास्त. डोळ्यांच्या खालच्या कडा उलट, मधे खाली झुकतात. पाचव्या टप्प्यातली आडवी रेघ पानावर असेल तर ही चूक होतच नाही.

तपासा : चित्र उलटं धरा. उलट्या चित्रातही माड माडासारखा भारदस्त उभा वाटतो का? छत्री दिसली तर उद्या पुन्हा तोच माड.

## टप्पा ७ : हलणारी माणसं

तिसऱ्या आठवड्याआधी माणसांकडे वळू नका. वळलात की चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. मानेपासून जमिनीवर टेकलेल्या पायापर्यंत एक रेघ, खांद्याची तिरकी, कमरेची तिरकी, हातातलं ओझं. तीस सेकंद. एका पानावर दहा.

पुन्हा पुन्हा तेच काम करणारी माणसं शोधा. विळीवर मासळी कापणारी बाई मासा उचलते, धरते, सारते, बाजूला टाकते. आणि परत उचलते. एका पानावर तीन आकृत्या सुरू करा. ती उचलते तेव्हा पहिलीवर दोन रेघा, सारते तेव्हा दुसरीवर. दहा मिनिटांत तिन्ही पुऱ्या होतात. सकाळी पदेर (पाववाला) ठरावीक वेळी येतो, पण थांबतो क्षणभरच. मग एका दिवशी फक्त सायकलचं हँडल आणि भोंगा, दुसऱ्या दिवशी मागची पाटी, तिसऱ्या दिवशी त्याचा टेकलेला पाय. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा तरुणपणी रोजची डायरी चित्रांतून लिहीत, आणि तीत भरलेली असत ती भोवतालचीच माणसं. रोजचा माणूस हातात बसायला रोजच काढावा लागतो.

बाजारात बसण्याआधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा: "मावशी, इथं कडेला बसून तुमची पाटी काढू का?" पाटी म्हणा, "तुमचं चित्र" म्हणू नका. माणूस अवघडत नाही, आणि थोड्या वेळाने बहुधा स्वतःच वहीत डोकावतो. नाही म्हटलं तर वही मिटून उठा. लपून काढलेल्या चित्रात काढणाऱ्याचा ताठरपणा उतरतोच.

### मधेच पावसाळ्याविषयी

जून ते सप्टेंबर वही आत आणता येते, थांबवता येत नाही. बाल्कांवात बसा; पागोळी, छत्र्या, वाळत घातलेले कपडे यांवर चार महिने निघतात. जलरंगाचं पान एरवी दहा मिनिटांत वाळतं, पावसाळ्यात अर्धा तासही पुरत नाही. हाताच्या पालथ्या बाजूने पान शिवून बघा. गार लागलं तर ते अजून ओलं आहे, वही मिटू नका. पेन्सिलीवर फिक्सेटिव्ह (ती फासू नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर कोरड्या दिवशी, ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात. ओल्या हवेत मारलं की पांढरट धूर बसल्यासारखं होतं. वही झिपच्या पिशवीत फक्त प्रवासात ठेवा. घरी ती काढून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवा. पिशवीत आठवडाभर कोंडलेली दमट वही बुरशीला आमंत्रण असते. पान भिजलंच तर दोन टिपकागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकं रचा आणि दर दोन तासांनी टिपकागद बदला.

## टप्पा ८ : वही वाचणे

इथपर्यंत तुमच्याकडे भरलेली पानं आहेत, कल्पना नाही. ती पानांत आहे, पण काढताना दिसत नाही. म्हणून दुसऱ्या आठवड्याअखेरीस एकदा आणि सहाव्या आठवड्यानंतर एकदा वही वाचायला बसा. वेळ एक तास, रात्रीची. हातात पेन्सिल नको, फक्त एक वेगळा कागद आणि चिठ्ठ्या. त्या दिवशी बैठक केली असेल तर वाचन दुसऱ्या दिवशी. ताजं पान सगळं लक्ष ओढून घेतं.

पहिला फेरा भरभर: एका पानाला दोन सेकंद. जिथे हात थबकला तिथे चिठ्ठी. का थबकला हे आता विचारू नका. इथे लोक सर्वांत सफाईदार चित्रांना चिठ्ठ्या लावतात आणि सगळं वाया जातं. सफाई म्हणजे जे आधीपासून येत होतं ते. थबकायला लावणारं पान बऱ्याचदा अर्धवट असतं.

दुसरा फेरा मोजणीचा. प्रश्न कुठलाही असताना, न ठरवता, तीनदा किंवा जास्त वेळा काय आलं आहे? पायऱ्या? माणसांच्या पाठी? दोरीच्या गाठी? पानांच्या आकड्यांसह यादी करा. ही मोजणी खरंच करा, अंदाजाने लिहू नका. "मी माणसं जास्त काढतो" असं वाटणाऱ्याच्या वहीत बहुधा दारं जास्त निघतात. तुमचा डोळा आपसूक कुठे जातो याचा याहून खात्रीचा पुरावा नाही.

तिसरा फेरा फक्त अक्षरांचा. चित्रं झाका, टिपणं वाचा. "काय काढायचं राहिलं" या वाक्यांत एकच गोष्ट परत परत राहिलेली असेल तर तिच्याखाली दोन रेघा ओढा.

चौथा फेरा जोड्यांचा. चिठ्ठी लावलेल्या पानांतली दोन एकमेकांपासून लांबची पानं ट्रेसिंग कागदावर उतरवून शेजारी किंवा एकावर एक ठेवा. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीचे चौकोन आणि मासळीच्या पाटीचं विणकाम शेजारी आलं तर एक नक्षी दिसू लागते. दहा जोड्यांत आठ फुकट जातात. दोन पुरतात.

शेवटी एक वाक्य लिहा, सुरुवात ठरलेली: "मला इथे परत परत दिसतं की..." वाक्यात एक दिसणारी गोष्ट हवी. "शांतता", "काळ", "जुनं गोवं" असे शब्द आले तर वाक्य खोडून परत लिहा. ते शब्द काढता येत नाहीत.

## टप्पा ९ : वाक्यापासून चित्रापर्यंत

समजा जागा फेरीचा धक्का होती. मोजणीत निघालं: पावलं अकरा पानांवर, स्कूटरची पुढची चाकं सात पानांवर, ओला उतार नऊ पानांवर. टिपणांत दोनदा लिहिलेलं: "फेरी लागण्याआधीची जागा राहिली." वाक्य झालं: "मला इथे परत परत दिसतं की फेरी येताना सगळे पाण्यापासून सारखंच अंतर सोडून उभे राहतात." चित्र यातच आहे. विषय ठरला तो माणसं आणि पाणी यांच्यामधला ओला, रिकामा पट्टा. सहा आठवड्यांपूर्वी नुसतं बसून हे सुचलं नसतं.

आता थेट मोठा कागद घेऊ नका. आधी १२ छोट्या चौकटी: पट्टा उभा, आडवा, तिरका, माणसं फक्त पावलांपर्यंत, माणसंच नाहीत, नुसत्या सावल्या. भिंतीवर लावून दोन मीटरवरून बघा. जी लांबूनही कळते ती घ्या.

मग धक्क्यावर परत जा, पण यादी घेऊन. चपलांचे प्रकार, उताराचा कोन, शेवाळाची रेषा कुठे संपते, चाक आणि पाऊल यांच्या उंचीचं प्रमाण. लोक इथे मोबाइल काढतात. संख्या आणि अक्षरं टिपायला फोटो चालतो, आकार त्यावरून घेऊ नका: फोनचं रुंद कोनाचं भिंग कडेच्या वस्तू ताणतं आणि फोटोत सावल्यांतला तपशील काळा होतो. तुमच्या साठ पानांत जे होतं ते फोटोत नाही.

मोठं चित्र ए-३ वर, दोन पेनं, तीन छटा. रंग हवाच तर एकच, आणि टिपणांत सर्वांत जास्त वेळा आलेला. अर्ध्यावर आलं की आरशात बघा. एका बाजूला कलंडलेलं चित्र आरशात लगेच ओळखू येतं. अडलात तर चित्रावर गिरवत बसू नका, चौकटींच्या पानावर परत जा. बहुतेक वेळा तिथे ठरवलेला एक काळा तुकडा मोठ्या चित्रात फिकट राहिलेला असतो.

जुन्या वहीची शेवटची चार पानं मोकळी ठेवा. पुऱ्या झालेल्या चित्राची एक छोटी चौकट तिथे काढा आणि शेजारी वापरलेल्या पानांचे आकडे लिहा: १४, २२, ३७, ५१. नव्या वहीचं पहिलं पान पुन्हा कोरं सोडा, शेवटच्या पानावर पेनं तपासा, आणि दुसऱ्या पानाच्या माथ्यावर जुन्या टिपणांतला उरलेला प्रश्न उतरवा.